वन्संना टाके बघायचे होते

आमच्या वन्संना ऑपरेशन म्हणजे वीतभर टाके लागतात. त्यांचं पित्ताशय काढून वीस वर्षं झाली, तरी पदर सरकवून तो व्रण दाखवायची हौस काही फिटत नाही.

गणपती झाल्यावर माझ्या इराच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी या राजगुरुनगरहून निगडीला हजर. हातात बिस्किटांचा पुडा! जिला महिनाभर पेज प्यायची आहे, तिला बिस्किटं. अक्कल गहाण ठेवली होती की काय, देव जाणे. मोबाईलची बॅटरी पोरीच्या सुजलेल्या गालांवर फिरवून म्हणाल्या, "चिरलंय कुठं? डॉक्टरनं गंडवलं गं तुला, वासंती."

मी सांगितलं, आधी कॉम्प्युटरवर सगळं मोजून घेतात, मग ओठाच्या आतून लहानसा छेद देऊन हाड सरकवतात. बाहेर खूण राहत नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी! आठवड्यात भावकीभर झालं, इराचं ऑपरेशन नव्हतंच, सुंदर दिसायचं सोंग होतं.

सुंदर म्हणे! अहो, माझ्या पोरीचे पुढचे दात कधी एकमेकांना टेकलेच नाहीत. साधा पोळीचा तुकडा तुटायचा नाही. चोवीस वर्षांची घोडी, माणच्या कंपनीत भिंतीकडे तोंड करून डबा खायची. लग्नकार्यात 'भूक नाही' म्हणून पंगत टाळायची. तिनं चारचौघांत बसून खावं, एवढंच मला हवं होतं. आणि डॉक्टरांनी सगळं खायची मोकळीक दिली, तरी बया आपली भिंतीकडेच.

संक्रांतीला वन्संकडे हळदीकुंकू होतं. खोली बायकांनी भरलेली. वन्संनी मुद्दाम मोठ्यानं फर्मावलं, "इराला पेरू बारीक कापून द्या गं. सोंग नाजूक आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार, तेवढ्यात इरानं टोपलीतला अख्खा पेरू उचलला आणि सगळ्यांसमोर कचकन चावा घेतला. सावकाश चावून गिळला. मग पेरू वन्संच्या हातात ठेवला.

"घे आत्या. टाके नाहीत, पण खूण आहे."

मी तो पेरू त्यांच्या हातातून ओढून घेतला. वर-खाली दातांची अख्खी ओळ उमटली होती. चोवीस वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होते. तो काय वन्संकडे ठेवायचा?