बॉनेटखालचा नंबर

बसून चालवायच्या, गवत कापायच्या मोवरच्या बॉनेटवर दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. एक कंपनीने छापलेली: साडेपंधरा हॉर्सपॉवर. दुसरी मर्लने पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या पेनने लिहिलेली: आधी तेल बघ. पहिलीवर आर्डिसचा पूर्ण विश्वास होता. दुसरीचा तिला तेरा वर्षं राग होता.

मर्ल, तिचा नवरा, फेब्रुवारीत गेला. एप्रिलमध्ये शेड आवरताना तिने ती चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. "एकोणपन्नास वर्षं संसार केला, तेल बघायचं कळतं मला," असं ती रिकाम्या शेडला म्हणाली होती. आता मे संपत आला होता आणि मोवर चालू होत नव्हता. किल्ली फिरवली की इंजिन दोन-चारदा खोकायचं आणि गप्प बसायचं.

एरवी तिने ते मनावर घेतलं नसतं. पण चर्चमागच्या दफनभूमीचं गवत बावीस वर्षं त्यांच्या, म्हणजे ओल्स्टाडांच्या, मोवरनेच कापलं जात होतं, आणि येत्या सोमवारी मेमोरियल डे होता. त्या दिवशी सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लागतात, शहरांत गेलेली मुलं आईवडिलांसाठी कुंड्या घेऊन येतात. गवत घोट्याच्या वर गेलं होतं.

दफनभूमी समितीचा अध्यक्ष होता वेंडल, मर्लचा धाकटा भाऊ. बुधवारी तो स्वयंपाकघरात बसून कॉफीचे दोन कप संपेपर्यंत पावसापाण्याबद्दल बोलला आणि उठता उठता मुद्द्यावर आला.

"शनिवारी दुपारपर्यंत कापून झालं नाही तर मला त्या कंत्राटदाराला फोन करावा लागेल, आर्डिस. आणि तो एकदा आला की हंगामभराचा करार मागतो. तुला त्रास नको म्हणून म्हणतोय."

"त्रास मला होतोय की गवताला?"

"तू बहात्तरची आहेस."

"आणि तू एकोणसत्तरचा. तुझ्या जागी कोणाला बोलवायचं, ते ठरवलंय का समितीने?"

वेंडलने टोपी डोक्यावर चढवली आणि पायऱ्या उतरला. तो मनाने वाईट नव्हता, हे तिला माहीत होतं. तिला काय हवं होतं, ते मात्र त्याला माहीत नव्हतं. तिला मर्लकडे दर आठवड्याला जायचं होतं, पण फुलं हातात घेऊन उभं राहायला नाही. तशी उभी राहिली की कोणीतरी गाडी थांबवतं, खांद्यावर हात ठेवतं, "कशी आहेस?" विचारतं. मोवरवर बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. विचारलं तरी ऐकू येत नाही. तो करार झाला असता, तर तिचं तिथे जायचं कामच संपलं असतं.

तिने मंगळवारीच गॉर्डीच्या सुट्या भागांच्या दुकानातून एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर साफ करून बसवायचा संच, म्हणजे रबराच्या चकत्या आणि एक सुई, असं आणून ठेवलं होतं. बॉनेटवर साडेपंधरा लिहिलंय, तेच तिने सांगितलं होतं. फिल्टर चपटा, चौकोनी निघाला. त्याची जागा होती लांबट आणि वळलेली. दोन दिवस ती तो वेगवेगळ्या बाजूंनी बसवून बघत होती. गुरुवारी सकाळी ती पिशवी घेऊन परत दुकानात गेली.

गॉर्डीच्या दाढीत आता पांढरे केस होते, पण चौथीत आर्डिस त्याची शिक्षिका होती, त्यामुळे तो अजून तिला मिसेस ओल्स्टाड म्हणायचा आणि ती आत आली की च्युइंगम गिळून टाकायचा.

"तू मला चुकीचा दिलास," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितला तोच दिला, मिसेस ओल्स्टाड. नंबर कुठला बघितलात?"

"बॉनेटवरचा. आणि हा सीटखालच्या पट्टीवरचा, लिहून आणलाय."

गॉर्डी हसला नाही, पण हसू आवरायला त्याला कष्ट पडले. "हे दोन्ही मोवरचे. गावातली निम्मी माणसं हेच करतात, वाईट वाटून घेऊ नका. गाडी एका कंपनीची, इंजिन दुसऱ्या कंपनीचं. इंजिनाचा नंबर इंजिनावरच असतो. सायलेन्सरच्या वर पंख्याचा पत्रा आहे ना, त्याच्यावर कोरलेले आकडे बघा. तीन गट असतील. तिन्ही आणा. एकही सोडू नका."

"शाळेत तुला मी हेच सांगायचे."

"हो ना. म्हणून तर लक्षात आहे."

घरी येऊन तिने बॉनेट उघडलं. पत्र्यावर धूळ आणि तेलाची काळी साय बसली होती. शेडमधल्या डब्यात मर्लचे जुने टूथब्रश होते, अशाच कामांसाठी ठेवलेले. एकाने तिने पत्रा घासला, फडक्याने पुसला. आकडे दिसले, पण तीन आणि आठमधला फरक तिच्या डोळ्यांना कळेना. टॉर्चने चमक तेवढी वाढली. मग तिने आतून पातळ कागद आणि पेन्सिल आणली. कागद पत्र्यावर दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवू लागली. दफनभूमीच्या जुन्या कोपऱ्यात, जिथे नॉर्वेहून आलेल्या पहिल्या लोकांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, तिथली नावं ती आणि मर्ल अशीच उतरवून घ्यायचे. काळ्या पेन्सिलीत एकेक आकडा पांढरा उमटत गेला.

दुपारी गॉर्डीने तो कागद काउंटरवर पसरला आणि बोट ठेवून वाचू लागला.

"पहिला गट एकतीसने सुरू होतोय. एकतीस घनइंचाचं इंजिन. म्हणजे साडेसतरा हॉर्सपॉवर. साडेपंधराचं असतं तर अठ्ठावीस असता. फिल्टर बसेल कसा? दुसरा गट म्हणजे नेमका कुठला नमुना. आणि हा तिसरा म्हणजे जन्मतारीख. एक एक, शून्य चार, एक दोन. दोन हजार अकरा सालच्या एप्रिलची बारा तारीख."

"शक्य नाही," आर्डिस म्हणाली. "मोवर आम्ही दोन हजार तीन साली घेतला. आमच्या लेकीच्या, कॅरनच्या लग्नाच्या उन्हाळ्यात."

"मोवर तीन सालचाच असेल. इंजिन नाही. कोणीतरी बदललंय."

"मर्लने माझ्याशिवाय कधी हातोडासुद्धा विकत घेतला नाही."

गॉर्डीने कागदाची घडी घालून तिला परत दिली. मग मागच्या कपाटातून लांबट, वळलेला फिल्टर काढून त्याने तिच्यासमोर ठेवला. त्याबरोबर नवा प्लग, कार्ब्युरेटरचा संच, तेलाची बाटली. आर्डिस मात्र अकरा सालात जाऊन पोचली होती.

त्या जुलैत मर्लच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तो दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि गवत तिने कापलं. शेवटच्या दिवशी इंजिनातून एक आवाज आला, लोखंडी बादलीत दगड टाकावा तसा, आणि मोवर थांबला. फोनवर ती म्हणाली होती, "थोडा कुरकुरतोय." मर्लने तिकडून विचारलं होतं, "तेल बघितलं होतंस?" आणि तिने, खाटेवर पडल्या पडल्या त्याला कशाला काळजी, म्हणून सांगितलं होतं, "हो." तिने बघितलं नव्हतं. एकदाही नाही.

मर्ल काठी टेकत घरी आला. तो आणि वेंडल दोन दिवस शेडमध्ये होते. तिसऱ्या दिवशी मोवर चालू झाला. "काय झालं होतं?" तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काही नाही, प्लग."

त्याच आठवड्यात चिकटपट्टी लागली. तेव्हापासून दर शनिवारी, ती मोवरवर बसायच्या आधी, मर्ल इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढायचा, पुसायचा, परत घालायचा, परत काढून बघायचा. दोनदा. ती वैतागायची. "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" तो म्हणायचा, "आहे ना. इंजिनावर नाही."

शुक्रवारी तिने वेंडलला बोलावलं. "रुबार्बचे आंबटगोड बार भाजलेत, खायला ये," एवढंच सांगितलं. तो आला तेव्हा कार्ब्युरेटरची खालची वाटी तिने सोडवलेली होती. हिवाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलचा मधासारखा पिवळा, चिकट थर आत बसला होता. दर ऑक्टोबरला मर्ल टाकी रिकामी करायचा. या वेळी ऑक्टोबरमध्ये त्याला जिना चढवत नव्हता.

"हे तूच केलंस?" वेंडलने विचारलं.

"मीच. बारीक तार दे ती. आणि मला सांग, अकरा साली या मोवरमध्ये नवं इंजिन कोणी बसवलं?"

वेंडलच्या हातात बार होता. तो त्याने तोंडात कोंबला.

"संपवून बोल. मला घाई नाही."

"मी फक्त एक बाजू धरली होती," तो शेवटी म्हणाला. "खुबा नवा, वजन उचलायचं नाही असं डॉक्टरने सांगितलेलं. मग मी धरलं."

"जुन्याचं काय झालं होतं?"

"आतला दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. इंजिनात तेल म्हणशील तर थेंब नव्हता." त्याने मिशीवरची साखर पुसली. "मी म्हटलं, सांग तिला. तो म्हणाला, ती दहा दिवस घर, दवाखाना, दफनभूमी करत होती, आणि वर हेही ऐकवू? म्हणाला, तोंड उघडलंस तर तुझी होडी बुडवीन."

"बुडवली असती?"

"मर्लने? असती. पण आधी बाहेर काढून धुतली असती."

आर्डिस हसली, आणि हसता हसता तिला फडकं शोधावं लागलं. जे हाताला लागलं ते तेलाचं होतं. वेंडल खाली वाकून उगाचच एक स्क्रू शोधत राहिला, तिचं पुसून होईपर्यंत.

मग दोघांनी मिळून वाटी घट्ट केली, ताजं पेट्रोल ओतलं, प्लग बदलला. फिल्टर जागेवर एका दाबात बसला. जुनं तेल काढून नवं भरून झाल्यावर वेंडलने किल्लीला हात लावला.

"थांब," आर्डिस म्हणाली.

तिने तेलाची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. मग वेंडलने किल्ली फिरवली.

इंजिन एकदा खोकलं, पांढरा धूर काढला आणि एकसारखं धडधडू लागलं. वेंडल कान देऊन ऐकत उभा राहिला. "वाईट नाही," तो म्हणाला. त्यांच्या घराण्यात याहून मोठी स्तुती कोणी केली नव्हती.

शनिवारी सकाळी सातला ती दफनभूमीत होती. मोवर गवत उजवीकडे फेकतो, म्हणून दगड नेहमी डाव्या हाताला ठेवायचे, म्हणजे कोणाच्या नावावर कचरा उडत नाही. बावीस वर्षांची ती रीत तिने मोडली नाही. मर्लपाशी अजून हिरवळ धरली नव्हती. काळी माती आणि बियाण्यावर अंथरलेला पेंढा तेवढा होता. तिने पातं वर उचललं आणि त्याला हळूच वळसा घातला. मोवर बंद केला नाही.

दहा वाजता पेट्रोल भरायला ती फाटकापाशी थांबली. वेंडल झेंड्यांचं खोकं घेऊन आला होता. बॉनेटकडे त्याचं लक्ष गेलं. जुन्या पट्टीने मागे ठेवलेल्या स्वच्छ चौकोनात नवी पांढरी चिकटपट्टी बसवलेली होती, चौथीच्या फळ्यावरचं असावं अशा गोल अक्षरात: आधी तेल बघ.

"हे कोणासाठी?" त्याने विचारलं. "चालवणार तर तूच."

"पुढच्या शनिवारी मी कॅरनकडे चाललेय. तू चालवणार आहेस."

"मी? आणि काही मोडलं तर?"

आर्डिसने पेट्रोलचं झाकण घट्ट केलं आणि तेलाच्या पट्टीकडे हात नेला.

"तर मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली.