तळहातावरचा उजेड

शरदातल्या सकाळी, ऊन अद्याप कोवळे असताना, वत्सला दाराबाहेर येई आणि उजवा तळहात सूर्याकडे उघडी. आत संध्येतले अर्घ्य देऊन मी उठत असे. खिडकीतून पाहताना वाटे, माझ्या पत्नीचीही ही उपासनाच आहे. तळहातावर उतरलेल्या उजेडाचा दाह वा मार्दव ती क्षणभर न्याहाळी, आणि डाव्या हाताची बोटे न पाहताच गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचे कडे फिरवीत. उन्हात भिंगाचे छिद्र मिटवीत, सावलीत उमलवीत. भिंगावर अंतरही आधीच बांधलेले असे, खाटेच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या पाहुण्याइतके. त्या टप्प्यात आलेला चेहरा स्पष्ट उमटणार, हे ती जाणून होती. म्हणून माणूस दिसल्यावर तिला काही जुळवावे लागत नसे. ती केवळ तेवढ्या अंतरावर जाऊन उभी राही, आणि गर्दीच्या कोलाहलातून शटरचा सूक्ष्म ध्वनी पाखराने दाणा टिपावा तसा तो क्षण टिपून जाई.

मंडईत एकदा भाजीवाली ओरडली, "थांबा की बाई, पदर तर सावरू द्या!"

"सावरतानाच काढला," वत्सला म्हणाली आणि पुढे निघालीसुद्धा.

त्या वर्षांत शहर कात टाकीत होते. खडकीच्या कारखान्यातून सुटणारा सायकलींचा ओघ आटत गेला. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली मुले बिबवेवाडीच्या चौकात कंपनीच्या बसमागे धावू लागली. सगळे तिच्या फिल्मवर विसावले. मात्र जिने एवढ्या मुखांना प्रकाशात आणले, तिचे स्वतःचे छायाचित्र आमच्या घरी एकच होते, लग्नातले; त्यातही तिने मान खाली घातलेली.

पुढे ती अंथरुणाला खिळली, आणि डॉक्टरांच्या मौनातून आम्हा दोघांना कळायचे ते कळले. एका दुपारी मी म्हणालो, "मला तुझा एक फोटो हवा."

"इतकी वर्षं सुचलं नाही ते?" ती हसली. मग खिडकीतला क्षीण उजेड तिने तळहातावर घेतला, भिंगाची दोन्ही कडी फिरवली आणि कॅमेरा माझ्या हाती दिला. "उजेड फार कमी आहे. छिद्र सगळं उघडलंय, आता अंतर जरासुद्धा चुकवायचं नाही. त्या कपाटाला पाठ लावून उभे राहा."

मी पाठ लावली. पण चौकटीतल्या पांढऱ्या चादरीच्या विस्तारात ती एवढीशी दिसली, की माझे पाऊल आपोआप उचलले गेले.

"मागे सरका."

मी आणखी जवळ गेलो.

"अहो, मी पुसट येईन ना!"

तेवढ्यात मी कळ दाबली.

रोल धुऊन आला तेव्हा ती नव्हती. छायाचित्रात उशामागच्या भिंतीचा एकेक पोपडा, खुंटीवरच्या माझ्या उपरण्याची एकेक घडी रेखीव उमटली आहे. आणि चेहऱ्याच्या जागी, धुक्यापलीकडून उगवू पाहणारी, केवळ एक शुभ्रता. तिचे ओठ त्या वेळी मला रागे भरत होते की हसत होते, तेही त्यातून कळत नाही.

काळ आता तिचा शब्द पाळून मला रोज थोडा मागे सरकवतो आहे. स्मरण मात्र अजूनही पुढेच पाऊल टाकते, आणि जिथे ते पोहोचते तिथे ती नसते.