निळ्या दोऱ्याची जुडी

मुसी नदीच्या कालव्याला कसलं पाणी येतं, हे एदुलगुडेम गावात कुणाला सांगावं लागत नाही. हैदराबाद शहर जे काही अंगावरून धुऊन टाकतं ते खाली येतं आणि त्यावर इथला पालक हातभर वाढतो. मग तोच पालक, तीच कोथिंबीर, तोच पुदिना टोपल्यांत बसून परत शहरात जातो. जाण्याआधी जुड्या कालव्यात बुचकळायच्या, कारण चिखल लागलेला पाला शहरातल्या बायका हातात धरत नाहीत. वाहत्या पाण्यात दोन हिसके दिले की पानं अशी टवटवीत होतात की बघत राहावं. याला इथे स्वच्छता म्हणतात.

सत्तेम्मा जन्मभर याच स्वच्छतेत वाढली होती. मग गेल्या वर्षी कुठल्याशा संस्थेच्या स्वरूपा मॅडम आल्या. त्यांनी शाळेच्या पडवीत बायकांना बसवून चित्रं दाखवली. पाण्यातले जंतू, न धुतलेले हात, टोपलीत तोंड घालणारी शेळी. शिजवायच्या भाजीचं एक वेळ चालेल, पण कच्च्या चटणीत जाणारा पाला कालव्याच्या पाण्याला लागता कामा नये, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि प्रत्येकीने आपल्या जुडीला आपली खूण बांधावी, म्हणजे माल कुणाचा ते कळेल. बायकांनी माना डोलावल्या, बिस्किटं पदरात बांधली आणि घरी जाताना कालव्यात पाय धुतले.

एकट्या सत्तेम्माने ते मनावर घेतलं. जंतूंपेक्षा तिला ती खूणच आवडली होती. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या, बाजारातली बसायची जागासुद्धा सासूच्या नावाने ओळखली जायची. जगात तिची म्हणावी अशी एक वस्तू नव्हती. तिने निळ्या दोऱ्याचं रीळ आणलं. इतर बायका भाताच्या ओल्या काडीने जुड्या बांधायच्या, ही निळ्या दोऱ्याने बांधू लागली. कोथिंबीर आणि पुदिना तिने विहिरीजवळच्या वरच्या वाफ्यात नेला. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, ते सिमेंटच्या हौदात साठवून त्यातच ती पाला धुवायची.

तिची थोरली जाऊ नरसव्वा कुंपणापलीकडून मजा बघायची. "काय गं सत्ते, पाल्याला न्हाऊ घालतेस? आता तीटही लाव. दृष्ट लागेल."

"लावीन अक्का. तुमच्याकडचं काजळ द्या."

"आमच्या पाल्याला कालव्याचं काजळ आयतंच लागतं," नरसव्वा म्हणायची आणि दोघी हसायच्या. नरसव्वा मनाने वाईट नव्हती. सत्तेम्माच्या दोन्ही बाळंतपणांत तिनेच पाठ शेकली होती. तिला काहीतरी बोलायला लागायचं, एवढंच.

हौदातल्या पाण्याने पाला काही तसा चमकत नाही. बाजारात गिऱ्हाइकं सत्तेम्माच्या जुड्या उचलायची, मुळाशी माती बघायची आणि नरसव्वाच्या टोपलीकडे वळायची. पण स्वरूपा मॅडमनी शब्द टाकला आणि शहराच्या कडेच्या एका मुलींच्या वसतिगृहाने रोजच्या चटणीची कोथिंबीर आणि पुदिना सत्तेम्माकडून घ्यायला सुरुवात केली. तिथल्या वॉर्डनबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "निळा दोरा असेल तरच आत घ्यायचं, असं मी स्वयंपाकिणीला सांगून ठेवलंय." त्या दिवशी सत्तेम्मा घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरून चालत. नवरा किष्टय्या म्हणाला, "काय झालं? सरपंच झालीस का?" ती म्हणाली, "त्याहून मोठं."

आता इथली एक रीत आहे. कुणाचं टोपलं कमी भरलं तर शेजारणीने त्याचं तोंड भरायचं. मोजायचं नाही, मागायचं नाही, नाही म्हणायचं नाही. उद्या तिचं कमी पडलं की आपण भरायचं. अर्धं टोपलं घेऊन बाई वाटेला लागली तर ते घराला लागतं, असं म्हणतात. कुणी असं टोपलं घेऊन निघालीच तर तिला अडवायला सगळी गल्ली दाराशी येऊन उभी राहते.

पोचम्मा देवीला बोनं, म्हणजे नैवेद्याच्या घागरी, न्यायच्या आदल्या संध्याकाळी सत्तेम्माचं टोपलं कमी भरलं. सणाचं घर, पाहुणे आलेले. बोनाच्या घागरी घासायला, अंगण सारवायला, लेकरांना न्हाऊ घालायला हौदातलं पाणी गेलं होतं. विहिरीची मोटर वीज नसल्याने बंद. वसतिगृहात दुसऱ्या दिवशी मुलींचे आईवडील यायचे होते, म्हणून जास्त पाला मागवलेला. वरच्या वाफ्यात तेवढा नव्हताच. सत्तेम्मा टोपल्याकडे बघत बसली होती, तेवढ्यात नरसव्वा दोन्ही हातांत कोथिंबीर-पुदिन्याचे भारे घेऊन आली. भाऱ्यांतून पाणी गळत होतं. सारवलेल्या अंगणात त्याचा काळपट ओघळ गेला.

"घे, तोंड भर. उद्या देवीचा दिवस, रिकामं नको नेऊस."

सत्तेम्माने ओघळ पाहिला. तिला सगळं दिसत होतं. पडवीतली चित्रं दिसत होती, कच्ची चटणी दिसत होती. "अक्का, हे कालव्यात..." ती म्हणाली.

"मग काय गुलाबपाण्यात धुवायचं होतं?" नरसव्वाचा चेहरा पडला. "माझा पाला चालत नाही का तुला? सांग तसं. घेऊन जाते."

पाहुणे बघत होते. सासू बघत होती. पाठ शेकणारे ते हात भारे धरून उभे होते. सत्तेम्मा म्हणाली, "तसं नाही हो अक्का. बसा ना." आणि तिने भारे घेतले. नुसते घेतले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण काडीने बांधलेली जुडी वसतिगृहात आत जाणार नव्हती. तिने काड्या सोडल्या, रीळ काढलं आणि एकेक जुडी निळ्या दोऱ्याने बांधली. गाठ मारताना तिची बोटं अडखळली, हेही खरं. पण अडखळलेल्या बोटांनी मारलेली गाठसुद्धा गाठच असते.

बोनं झाली, ढोल वाजले, आणि सण ओसरायच्या आत वसतिगृहातल्या मुली उलट्या-जुलाबांनी आडव्या पडल्या. बऱ्याच जणी घरी गेल्या. एक बारकी मुलगी दवाखान्यात सलाईनवर पडून राहिली, तिची आई बाहेर पायरीवर बसून होती. मुलगी वाचली.

मग वॉर्डनबाई आणि स्वरूपा मॅडम गावात आल्या. वॉर्डनबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून निळा दोरा काढला आणि सगळ्या गल्लीसमोर धरला.

"हा तुझाच ना?"

"माझा."

स्वरूपा मॅडम पुढे आल्या. "सत्तेम्मा, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तुला सगळं माहीत होतं गं. मी तुझं उदाहरण देत होते सगळीकडे."

सत्तेम्माने कुंपणाकडे पाहिलं. नरसव्वा तिथेच होती, पदर दातात धरून. ती एक शब्द बोलेल म्हणून सत्तेम्मा थांबली. माझा होता पाला, एवढंच नरसव्वाने म्हणायचं होतं. बोलायला लागतं ना तिला, मग आता बोलावं.

आणि नरसव्वा बोलली. "आम्ही अडाणी बायका, मॅडम. आम्हाला काय कळतंय जंतूबिंतू? शिकली ती हीच."

सत्तेम्माच्या अंगाची आग झाली. "तो पाला अक्काचा होता," ती म्हणाली. "कालव्यातला. टोपलं कमी भरलं म्हणून त्यांनी दिला."

टोपल्याचं तोंड कुणी भरलं हे आजवर कुणी बाहेरच्या माणसाला सांगितलं नव्हतं. सासू उठून आत गेली.

"पण दोरा कुणी बांधला?" स्वरूपा मॅडमनी विचारलं.

"मी."

"माहीत असून?"

"माहीत असून."

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. वॉर्डनबाईंनी दोरा पुन्हा पिशवीत ठेवला. वसतिगृहाचा पाला आता एक ठेकेदार शहराच्या मोठ्या बाजारातून घेतो. त्या बाजारात नरसव्वाचाही पाला जातो, गावातल्या सगळ्यांचा जातो, भाताच्या काडीने बांधलेला. तो खाऊन कुणाचं पोट बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं हे कुणालाच कळणार नाही. खूण बांधणारी एकच होती, ती सापडली.

पुढे एकदा सत्तेम्माचं टोपलं कमी भरलं. ती अंगणात थांबली, मुद्दाम थोडी जास्तच थांबली. कुंपणापलीकडून कुणी आलं नाही. अर्धं टोपलं डोक्यावर घेऊन ती गल्लीतून गेली, तेव्हा दारात कुणी उभंही राहिलं नाही.

त्यानंतर तिने पुदिना खाली आणला, कालव्याच्या काठाला. विहिरीजवळ आता किष्टय्याने म्हैस बांधली आहे. निळं रीळ लेकीने पतंगाला नेलं. संध्याकाळी सत्तेम्मा घोटाभर काळ्या पाण्यात उभी राहते, जुड्यांना हिसके देते आणि काडीने बांधते. नरसव्वा चार हात अंतरावर तेच करत असते. दोघी बोलत नाहीत.

परवा बाजारात एक बाई तिच्या टोपलीपाशी वाकली. चांगल्या घरची, बरोबर लहान मुलगी. तिने पुदिन्याची जुडी उचलून नाकाशी नेली.

"काय ताजा आहे! इथे ती निळ्या दोऱ्यावाली बसायची ना, तिचा पाला नुसता मातीचा असायचा. तिनेच त्या मुलींना आजारी पाडलं म्हणे. आता नाही येत का ती?"

"नाही येत," सत्तेम्मा म्हणाली.

"बरं झालं बाई. दे दोन जुड्या. हिला कच्ची चटणी फार आवडते. धुतलाय ना चांगला?"

सत्तेम्माने मुलीकडे पाहिलं. मुलगी पुदिन्याचं पान तोडून चघळत होती. सत्तेम्माचा हात क्षणभर पुढे झाला, ते पान तिच्या तोंडातून काढायला. मग तो मागे आला आणि तिने दोन जुड्या पिशवीत टाकल्या.

"धुतलाय," ती म्हणाली. "हे काय, दिसतंय ना?"