न धुतलेला दात

लतिकाचे दात शेवटच्या वर्षात हलायला लागले. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र सुरू असायचं. माझी धाकटी बहीण इंदू तिला भेटून बाहेर आली आणि म्हणाली, "वहिनीनं दात घासणंच सोडलं असेल, दादा. आजारात माणूस आळशी होतो."

लतिकानं आतून ते ऐकलं. त्यानंतर ती तोंडावर पदर धरूनच हसायची. आता ती नाही. तिचं हसणं आठवायला गेलो की आधी पदर आठवतो.

आमची मुलगी शरयू दातांची डॉक्टर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती एकाच प्रश्नामागे लागली होती. दात आणि हाड यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तो दाताला धरून ठेवतो. त्या पडद्यातल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला तर त्या काय करतात? हे पाहायला नुकताच काढलेला, निरोगी दात लागतो. तिला तीन माणसांचे हवे होते. दोघांचे झाले, तिसऱ्याच्या पेशींना बुरशी लागली. आणि काम जमा करायची तारीख जवळ आली होती.

इंदूच्या मुलीला, विनताला, वाकड्या दातांसाठी तार बसवायची होती. त्यासाठी दोन चांगले दात काढायचे होते, एक या आठवड्यात, एक पुढच्या. शरयूनं झाकणाची छोटी बाटली दिली, आत पेशी जिवंत ठेवणारं गुलाबी पाणी. विजय नगरच्या डॉक्टरांनी दात काढून त्यात टाकला. मी स्कूटरनं इंदूकडे आणायला गेलो, तर तिनं हातात दिलेली बाटली कोरडी होती. दात मोत्यासारखा चमकत होता आणि तळाशी चमचाभर साखर.

"इंदू, यातलं पाणी?"

"फेकलं. लाल होऊन गेलं होतं. दाताला रक्तमांस चिकटलेलं, भांड्याच्या पावडरीनं घासून काढलं. आपल्या घरची घाण शरयूच्या कॉलेजात काहून पाठवू?"

"अन् साखर?"

"तुझ्या घरची बाटली रिकामी परत देऊ काय?"

"त्यात दात आहे ना!"

"दात तिनं मागितला होता. मागितलेल्या वस्तूला देणं म्हणतात काय?"

शरयूनं बाटली उजेडात धरली. आधी हसली, मग टेबलावर डोकं ठेवलं. "बाबा, मला दात नकोच होता. आत्यानं जे घासून टाकलं, ते हवं होतं."

हे विनतामार्फत इंदूपर्यंत पोचलं आणि ती रुसली. स्वच्छता केली ती माझी चूक, आता दुसरा दात मी नर्मदेत सोडीन, असा निरोप आला. शरयूजवळ दुसरा कोणी दात देणारा नव्हता. मी पुन्हा विजय नगरला, इंदूच्या घरी गेलो.

"डॉक्टरीणबाईंनी पाठवलं काय?" इंदूनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

"नाही. मीच आलो. इंदू, लतिका दात घासायची. अगदी शेवटपर्यंत. हातात ताकद नव्हती तेव्हा ब्रश मी धरायचो, समोर वाटी मी धरायचो. तरी दात हलले. हवा कमी पडली म्हणून हलले काय, ते शरयू शोधून राहिली. तू धुतलंस ना, त्यातच ते शोधायचं आहे."

इंदू चहा गाळायची थांबली. "वहिनीनं ऐकलं होतं काय ते?"

"ऐकलं होतं."

आतून विनता ओरडली, "मम्मी, दात मेरा है! मामाला देऊन टाक ना!"

"तू चूप बस," इंदू म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "शुक्रवारी ये दवाखान्यात. तिथूनच घेऊन जा. घरी आणला तर धुतल्याशिवाय माझा हात राहणार नाही."

शुक्रवारी दात निघाला. मुळाला गुलाबी चिंधीसारखं काहीतरी चिकटलेलं, वर रक्त. इंदूचा हात पदराच्या टोकाकडे गेला. तिनं मूठ आवळून धरली. डॉक्टरांनी दात बाटलीत सोडला, मी झाकण घट्ट लावलं.

"साखर?" तिनं हळूच विचारलं.

"त्या पाण्यात असतेच. पेशींना खायला."

"अच्छा," ती म्हणाली. तिचं समाधान झालं.

पेशी वाढल्या. काही आठवड्यांनी शरयूनं आम्हा तिघांना बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवल्या. लांबट, एकमेकींना चिकटून एका दिशेनं निघाल्यासारख्या.

"या कमी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलेल्या," शरयू म्हणाली. "लगेच मरत नाहीत, आत्या. आधी धडपडतात. नव्या रक्तवाहिन्या याव्यात म्हणून निरोप धाडतात. पण हवा कमीच राहिली, की हाड झिजवणारे निरोप वाढतात. हाड झिजलं की दात सैल."

"म्हणजे वहिनीचे दात..."

"आईचं मी यावरून नाही सांगू शकत. तिला औषधंही खूप होती."

शरयूचं बरोबर होतं. मी म्हणालो, "ते नको सांगूस. ती दात घासायची, एवढं मी सांगतो. मी तिथं होतो."

इंदूनं पुन्हा डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. "किती आहेत गं. अन् मी पावडरीनं घासून काढल्या."

बाहेर रिक्षाची वाट पाहताना ती विनताला म्हणाली, "तुझी मामी रोज दात घासायची. कोणी विचारलं तर सांगशील."

"मला कोण विचारणार?"

"कोणी नाही विचारलं तरी सांग."