आलतो म्हणून सांगा

"पयल्या रांगंत. मदली खुर्ची. आन् आत्ताच कुणाला तरी जाऊन धरून ठेवायला सांग," मंगल आपल्या पोराला, भीमरत्नला म्हणाली.

"आई, आवाज लई मोठा असतोय. कान दुखतील तुझं."

"दुकू देत. तू काय रोज गातोस व्हय निपाणीत?"

हे मात्र खरं होतं. पुणं झालं, मुंबई झाली, थेट जर्मनीपर्यंत जाऊन झालं, पण जन्मगावी भीमरत्ननं आजवर एकदाही गिटार काढली नव्हती. कधी तारखा जुळत नव्हत्या, कधी घसा बसायचा. नाही म्हणायची कला त्याला चांगली साधली होती. या वर्षी जयंती मंडळाची पोरं बेंगळूरला येऊन त्याच्या घरात ठाण मांडून बसली, तेव्हा सबबी संपल्या. आणि आता आईनं जयंतीची पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती.

तेवढ्यात आदर्श आला. मंडळाचा अध्यक्ष, शाळेत संगणक शिकवणारा, सकाळपासून धावून घामाघूम झालेला.

"जयभीम अण्णा. एक सांगायचं राहिलंतं. 'आलतो' शेवटाला घ्या. आन् त्याच्या आदी समदं बंद करायचं. गिटार न्हाई, ड्रम न्हाई. नुस्तं पब्लिक म्हणणार."

"का?"

"का म्हंजे? समद्या देशाला वाटतंय त्ये गाडीचं गाणं हाय. आमास्नी ठावं हाय, आपल्या बोलीतलं हाय, आलतो म्हंजे आलो हुतो. पोरांनी परत परत ऐकून पाठ केलंय. एकेक शब्द मोकळा ऐकू गेला पायजे."

"ऐकलंस?" मंगल पोराकडे बघून हसली. "मला बी आजवर एक शब्द कळला न्हाई त्यातला. फोनवर लावलं की नुस्ता गोंगाट."

तो गोंगाट भीमरत्ननं मुद्दाम घातला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी त्यानं स्वतःचा आवाज गिटारच्या खाली दाबून टाकला होता आणि शब्द असे ओढले होते की कुणाला नीट कळू नयेत. या बोलीबाहेर कुणाला कळलेही नाहीत. 'आलतो' हा शब्द आला की देशभरची पोरं हवेत स्टिअरिंग फिरवत नाचायची. आल्टो गाडीचं गाणं! त्या गाण्यानं भीमरत्नला जे नाव दिलं ते बाकीच्या सगळ्या गाण्यांनी मिळून दिलं नव्हतं. लोक त्याला निधड्या छातीचा गिटारवाला म्हणायचे. पहिल्या गाण्याला तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, यावर एका मासिकानं मोठा लेख छापला होता. हा म्हणे त्यानं प्रस्थापितांना दिलेला नकार. खरी गोष्ट एवढीच होती की समोर माणसं दिसली की त्याच्या डाव्या हाताची बोटं गार पडायची, आणि ती गरम होईपर्यंत त्याला माणसांकडे बघवत नसे. इतकी वर्षं झाली तरी भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

ती त्याला वडिलांकडून आली होती. भरमा तंबाखूच्या वखारीत हमाल होता. रोज संध्याकाळी फाटकावर झडती व्हायची, कुणी पान लपवून नेतंय का म्हणून. भरमानं जन्मात कधी काडी उचलली नाही, पण हात वर करून उभं राहताना तो दरवेळी थरथरायचा. पुढं कोणतंही फाटक दिसलं की त्याचा आवाज बारीक व्हायचा. शाळेचं फाटक, दवाखान्याचं, बँकेचं. पोराच्या शाळेत पालकांना बोलावलं की तो बाहेर झाडाखाली थांबायचा आणि मंगलला आत पाठवायचा. याच भरमानं पोराला जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला बँजो आणून दिला होता. बेळगावला कॉलेजात गेल्यावर भीमरत्ननं कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याची जुनी गिटार घेतली आणि ती बँजोसारखीच बडवायला सुरुवात केली. तीच पुढं त्याची खासियत ठरली. त्याच्या बँडचं नावही 'वखार'.

आणि 'आलतो' हे गाणं भरमाचंच होतं. हे मात्र भीमरत्नशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

भरमा वारला तेव्हा भीमरत्न शिलाँगला होता. विमानं बदलत, गाड्या धरत तो पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि मंगल सगळ्यांना सांगत होती, "मागल्या साली एकटंच उठून बेंगळूरला गेलतं. भीमाच्या घरात ऱ्हायलं. पोरानं सोताच्या हातानं कोंबडीचा रस्सा करून घातला म्हणं. तवापासनं लई खूश हुतं बगा."

भीमरत्न ऐकतच राहिला. त्याला साधं अंडं उकडता येत नव्हतं. वडील त्याच्या घरी कधी आलेच नव्हते. आप्पा कवा आलतं, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि तो त्या एका शब्दापाशीच थांबला. आलतं. आलतो. आल्टो.

मागच्या वर्षीची एक दुपार त्याला आठवली. कानावर हेडफोन चढवून तो गाण्याचा एकच तुकडा घोटत बसला होता. खालून वॉचमननं इंटरकॉम लावलेला त्याला कळलाच नव्हता. संध्याकाळी खाली उतरल्यावर बिहारकडचा तो वॉचमन म्हणाला होता, "सर, दोपहर में आल्टो आया था." असेल कुणाची तरी गाडी, म्हणून तो पुढं निघून गेला होता.

बेंगळूरला परतल्यावर त्यानं वॉचमनला गाठलं. "हां सर, वो बूढ़ा," वॉचमनला लगेच आठवलं. "आलतो, आलतो बोल रहा था. मैंने पूछा, गाड़ी किधर है? उसने हाथ जोड़ा और चला गया."

गाडी किधर है! निपाणीहून एवढ्या लांब आलेला माणूस, बंद फाटक, समोर गणवेशातला वॉचमन. भरमाचा आवाज किती बारीक झाला असेल ते भीमरत्नला न सांगता कळलं. आलतो म्हणून सांगा, एवढंच म्हणून तो मागं फिरला असणार. रात्र बसस्टँडवर काढली असणार. आणि घरी जाऊन बायकोला कोंबडीच्या रश्शाची गोष्ट सांगितली असणार. पोराला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून, की स्वतःची लाज राखावी म्हणून, ते आता कुणाला विचारणार?

त्यानं ते गाणं केलं तेव्हा कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला झोप लागत नव्हती. पण कळलेलंही चालणार नव्हतं. मंगलच्या जगण्यातला तो सगळ्यात मोठा मानाचा दिवस होता. गल्लीतल्या प्रत्येक घरात तिनं तो सांगितला होता. आणि आज पहिल्या रांगेत बसून, शब्द न् शब्द मोकळा ऐकून, ती काय समजायची ते समजणार होती.

दुपारी त्यानं आदर्शला बाजूला घेतलं. "त्ये गाणं गाळूया. घसा बरा न्हाई."

"अण्णा, तुमी कुटं म्हणायचं हाय? आमी म्हणतो की," आदर्श आनंदानं म्हणाला.

जेवताना त्यानं आईला पुन्हा सांगून पाहिलं. मागं बसलीस तर चांगलं दिसतंय, पुढं धूर सोडतात, डोळ्यांना त्रास होतोय.

"भीमा," मंगलनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माजी लाज वाटती काय रं तुला?"

तो अर्ध्या जेवणावरून उठला.

संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोल्हापूर, चिकोडी, बेळगाव, सगळीकडून पोरं आली होती. बॅनरवर त्याचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक छापलं होतं. मधल्या खुर्चीवर मंगल ताठ बसली होती. भीमरत्न पाठ करून उभा राहिला. एक गाणं झालं, दोन झाली, तरी बोटं गरम होईनात. तिसऱ्या गाण्याला त्याचा सूर चुकला, पण टाळ्यांत कुणाला कळलं नाही. पळून जावं असं त्याला मनापासून वाटत होतं. स्टेजच्या मागं जिना होता, पलीकडं गाडी उभी होती.

शेवटी आदर्शनं खालून हात वर केला. ड्रम थांबला. भीमरत्नच्या हातातली गिटार थांबली. आणि हजारो माणसं एकदम म्हणाली:

आलतो म्हणून सांगा,
गाठ पडली न्हाई म्हणून सांगा,
तसाच माघारी गेलो म्हणून सांगा.

कुणी स्टिअरिंग फिरवलं नाही. कुणी नाचलं नाही. बंद दारासमोर उभं राहून शेजाऱ्याला निरोप द्यावा तसं सगळं मैदान साध्या आवाजात बोलत होतं. भीमरत्न वळला. वळायचं नव्हतं, पण वळला.

मंगलचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं पदर तोंडाला लावला. मग ती उठली, कुणाचा तरी हात बाजूला सारून, दोरीखालून वाकून निघून गेली.

त्यानंतर त्यानं काय वाजवलं ते त्याला आठवत नाही. लोकांनी आणखी एक मागितलं, त्यानं तेही दिलं. डोळ्यांसमोर ती रिकामी खुर्ची होती. संपलं असं त्याला वाटत होतं. वडिलांनी मरेपर्यंत जे सांभाळलं ते आपण हजारो माणसांच्या तोंडून तिच्या कानात ओतलं. गाडीपर्यंत जाताना पोरांनी सेल्फीसाठी गराडा घातला आणि तो प्रत्येकाला हसून दाखवत राहिला.

घराचं दार उघडं होतं. मंगल गॅससमोर उभी होती. भांड्यात चहा उकळून वर येत होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं पुढं होऊन गॅस बंद केला.

"आई, मी तुला सांगणार हुतो—"

"काय सांगणार हुतास? मला काय कळत न्हाई व्हय?" तिचे डोळे लाल झाले होते. "एवढी वर्सं ह्ये उरात घेऊन फिरलास? माज्याजवळ एका शब्दानं बोलला न्हाईस?"

ती जवळ आली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"आरं लेकरा, शिलाँग काय हितं हाय? आमी थांबलो तुज्यासाठी, लई थांबलो. मग मानसंच म्हणाली, आता न्ह्यायला पायजे. तू आलास तवा आप्पा गेलतं. गाठ पडली न्हाई, त्यात तुजा काय दोष रं?"

भीमरत्नला कळायला थोडा वेळ लागला. तिनं ऐकलेल्या गाण्यात आलेला माणूस भरमा नव्हता. तो भीमरत्न होता. वडिलांच्या मयतीला उशिरा पोचलेला, तोंड न बघताच माघारी गेलेला मुलगा. शब्द तेच होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता.

अंगातली भीती एकदम ओसरली. त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. फाटकापाशी हात जोडून मागं फिरलेला तो म्हातारा आता जगात फक्त त्याला एकट्यालाच ठाऊक राहणार होता. सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले.

"जयभीम मंगलाक्का!" शेजारची मालुबाई गल्लीतल्या चार बायका घेऊन आत आली. "अर्द्यातनंच उठून आलीस व्हय गं? पोरगं केवढं वाजवत हुतं!"

"आठवण आली गं ह्येंची," मंगल डोळे पुसत म्हणाली. कप मांडता मांडता तिचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. "एक बरं झालं, जायाच्या आदी पोराच्या घरी जेवून आलं. कोंबडीचा रस्सा, वर आमरस."

"मागल्या टायमाला शिरा हुता की गं," मालुबाई म्हणाली आणि बायका हसल्या.

त्या वाईट हेतूनं हसल्या नव्हत्या. पण मंगलचा चेहरा पडला. तिनं भीमरत्नकडे बघितलं. "तूच सांग रं ह्यास्नी. व्हय का न्हाई?"

आजवर अशा वेळी तो नुसती मान हलवून बाहेर निघून जायचा.

"व्हय," तो म्हणाला. "शिरा सकाळी केलता. आमरस दुपारी."

बायका हसायच्या थांबल्या.

"वॉचमननं वर फोन लावला, तुमचे वडील आल्यात म्हणून. मी तसाच पळत खाली गेलतो, फाटकापतोर. आप्पांच्या हातातली पिशवी घेतली. त्यांनी वॉचमनला सांगितलं, ह्यो माजा पोरगा."

"मोट्यानं?" मंगलनं विचारलं.

"मोट्यानं. समद्यांस्नी ऐकू जाईल असं."

"ह्ये मला न्हाई सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. "सावकाश सांग. मग?"