माझं टोक बोथट नाही

मी एक जुनी पहार आहे. जुनी वयाने हो, टोकाने नव्हे! हे आधीच सांगून ठेवते, कारण मित्रांनो, गेल्या उन्हाळ्यात मला 'बोथट' ठरवून दोनदा लोहाराकडे नेलं. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

सावर्ड्याच्या बाजारात रामा लोहाराच्या बापाने मला घडवलं. भट्टीत लाल झाले, घणाखाली सरळ झाले, पाण्यात चर्र झाले आणि काशीरामच्या खांद्यावर बसून डोंगरउतारावरच्या त्याच्या जमिनीत आले. वर बोटभर तांबडी माती, खाली नुसता कातळ. त्याची बायको गोदा कपाळाला हात लावून म्हणाली, "हितं कलमं लावनार? याड लागलंय काय तुमाला?"

पहिलाच घाव घातला आणि मी खण्णकन वाजले. पण काशीराम महाहट्टी. एकेका खड्ड्याला दोन दोन दिवस लागले. खड्ड्यात शेण, पाला आणि डोक्यावरून वाहून आणलेली माती पडली, तेव्हा कुठे हापूसची कलमं उभी राहिली.

पण कलम लावलं की लगेच आंबा मिळतो थोडाच! तोवर घराने खायचं काय? म्हणून दोन कलमांच्या मधल्या जागेत गोदाने नाचणी केली, पाऊस सरल्यावर कुळीथ पेरले. पुढे कलमांची सावली पडू लागली, तशी सावलीत खुशाल वाढणारी हळद लावली. बांधावर काशीरामने गिरीपुष्पाचे, म्हणजे पाल्याचं खत देणाऱ्या झाडाचे, दांडे रोवले. ते जगले आणि त्यांचा पाला दरवर्षी मातीवर पसरला जाऊ लागला. दरवर्षी मला कमी जोर लागायचा. आधी बोटभर जायची, मग वीतभर. आत गारवा असायचा, गांडुळं असायची.

एका वर्षी ढगाळ हवेने सगळा मोहर गळला. शेजारीपाजारी तोंड पाडून बसले. गोदाची हळद मात्र भरघोस आली. तिने ती शिजवली, अंगणात वाळवली, बाजारात विकली आणि घर चाललं. काशीरामने मला थोपटून विचारलं, "बघितलंस काय गो?" बघितलं तर! मीच तर ती माती भुसभुशीत होताना पाहिली होती.

काशीराम गेला आणि मुलगा दीपेश मुंबईहून गावी आला. मुलगा वाईट नाही हं. एका मोठ्या मॉलमध्ये तो साफसफाईचा सुपरवायझर होता. जमीन म्हणजे चकचकीत, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मलासुद्धा काम झालं की फडक्याने पुसून लखलखीत करायचा.

"आये, हे काय जंगल ठेवलंयस? बाग कशी क्लीन पाहिजे!" असं म्हणून त्याने हळद काढली, बांधावरचं गिरीपुष्प तोडलं, तणनाशक मारलं. झाडाखालचा पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, झाडून गोळा केला. खरं सांगू? तेव्हा गोदाही फसली. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर पातेरा जाळून ती जमीन भाजायची रीत आहे. आयता एवढा पातेरा मिळाला म्हणून ती खूश झाली. बागेच्या तोंडचा घास शेतात जाळला, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

दोन पावसाळ्यांत उघडी माती वाहून गेली. खालचा पऱ्या, म्हणजे ओहोळ, लालभडक वाहत होता आणि कलमांची मुळं उघडी पडत होती. आंबा रोडावला. खाली हळद नाही, कुळीथ नाही, काही नाही. दीपेश वैतागला. तेवढ्यात बंगल्यासाठी जागा शोधणारे एक गृहस्थ आले. "आधी कुंपण घाला, मग घेतो," म्हणाले. सिमेंटचे खांब येऊन पडले, आणि काशीरामची बाग विकण्यासाठी खड्डे खणायला मलाच उचललं. काय वाटलं असेल मला!

खण्ण! खण्ण! ठिणग्या उडाल्या. दीपेश म्हणाला, "पहार बोथट झाली."

एकदा नेलं, रामाने टोक काढून दिलं. पुन्हा नेलं, तर रामाने भट्टीच पेटवली नाही. "पारेला काय झालेलं नाय, दीपेशा. जमिनीचा रोग हत्याराला लावू नको."

घरी आल्यावर गोदाने मला दीपेशच्या हातातून ओढून घेतलं. विहिरीमागे तिने हळदीची एक ओळ आणि दोन गिरीपुष्पं लपवून राखली होती. तिथे तिने मला नुसतं सोडलं. मी वीतभर आत गेले.

"हात म्हातारीचा, पार तीच," ती म्हणाली. "आता सांग, बोथट कोन?"

दीपेशने मला पुन्हा उचललं. हट्टाने बापावर गेलेला! घाम गाळून त्याने अकरा खड्डे पाडलेच. मृग लागला आणि एका सकाळी त्या अकराही खड्ड्यांत गिरीपुष्पाचे दांडे उभे! गोदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "खांबच हवे व्हते ना तुला? घे, हे खांब."

त्याने एकेक दांडा हलवून पाहिला. मग त्याने त्या गृहस्थांना फोन लावला, "दिवाळीपर्यंत थांबा."

अकरापैकी सात दांडे फुटलेत. पातेरा आता जळत नाही, कलमांच्या बुंध्याशी पसरला जातो. दोन ओळी हळद लावली आहे, पण पानं पिवळट आहेत. मला भीती वाटते, मित्रांनो. काशीरामला ज्याला वीस वर्षं लागली, ते दिवाळीपर्यंत कसं व्हायचं? सिमेंटचे खांब अजून फाटकापाशी पडून आहेत.

तुमच्या शेतात, परसात कधी पहार वाजली, तर तिला दोष देऊ नका. मातीवर पाला टाका, झाडाच्या सावलीत काहीतरी पेरा, आणि धीर धरा. माती उघडी ठेवू नका रे, हात जोडून सांगते.

काल दीपेशने मला कलमाखाली मारून पाहिलं. मी माझा सगळा जोर लावला, पण पहारेला खोटं बोलता येत नाही. दोन बोटंच गेले. त्याने मला उपसून टोक डोळ्यांजवळ धरलं. टोकाला जराशी ओली माती चिकटली होती.

रोज मला पुसून ठेवणाऱ्या दीपेशने काल मला पुसलं नाही.