कॉलरखालचं नाव

जरा थांबा, इस्त्री फिरवण्याआधी माझं दोन मिनिटं ऐकून घ्या. मी एक कोट बोलतोय. गडद निळा, तीन बटणांचा, वय वर्षं चार. टेकडीवरच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात मला ब्लेझर म्हणतात. पण मला शिवणारे मास्तर कोटच म्हणतात, आणि ज्यानं शिवलं त्याचा शब्द मी शेवटचा मानतो.

माझा जन्म टेलरच्या दुकानात झाला. पुढे आरसा आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मध्ये कापायचं लांब टेबल, मागच्या दारापलीकडे मास्तरांचं दोन खोल्यांचं घर. मास्तर अठरा वर्षं टेकडीवरच्या कॉलेजचे कोट शिवत होते. त्या कॉलेजात त्यांचं जाणं गठ्ठे पोचवण्यापुरतंच. तरी कुणी त्याचं नाव काढलं की मास्तर शिलाई मशीनवर ताठ बसत.

प्रवेशाच्या दिवसांत बाकावर आईबापांची दाटी व्हायची. पोरांची मापं चालायची आणि यांच्या गप्पा रंगायच्या. कुणाला किती टक्के, तेही दशांशासकट. कोणतं कॉलेज वर गेलं, कोणतं घसरलं, कुठे शिकलं की नोकरी दारात येते. एका बाईंनी तर मुलाचा निकाल सांगताना "आम्हाला ब्याण्णव पडले" असं म्हटलं. मुलगा आरशासमोर हात पसरून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

मास्तर या गप्पांत पडत नसत. कोट अंगावर बसवताना त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असायच्या. कान मात्र पूर्ण बाकाकडे.

मास्तरांना एकच मुलगी. दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण घरात ती बबडी. शाळेतून आली की टेबलाच्या टोकाला बसून काजं करायची, बटणं लावायची. मास्तरांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: दुसऱ्यांच्या पोरांना अठरा वर्षं कोट चढवले, आता हा कोट आपल्या पोरीच्या अंगावर चढला पाहिजे.

बबडीची आई डेपोमागच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर काम करते. तिचं म्हणणं असं, की आमचं कॉलेज काही वाईट नाही, मास्तरीणबाई जीव तोडून शिकवतात, आणि एकेका पुस्तकामागे पाच-पाच मुलं रांगेत असतात. मास्तर म्हणायचे, रांग लागते कारण पुस्तकं कमी आहेत. आई म्हणायची, कमी आहेत म्हणूनच परत देण्याआधी वाचतात. जेवणाच्या ताटावर हा वाद रोज चालायचा. बबडी दोघांकडे आळीपाळीनं बघत मुकाट जेवायची.

आणि मग मास्तरांनी ती चूक केली. शहाणा टेलर माप घेतल्याशिवाय कात्री चालवत नाही, पण मास्तरांनी यादी लागण्याआधीच मला शिवायला घेतलं. मागच्या वर्षी यादी जिथे थांबली होती त्याहून बबडीला दीड टक्का जास्त होता. म्हणजे झालंच की, असा त्यांचा हिशेब. दुपारी दुकान बंद असताना ते मला शिवत. उत्तम कापड, कॉलर ताठ ठेवणारं बकरम हातानं टाचलेलं, आत वाइन रंगाचं चकचकीत साटीनचं अस्तर, खिशावर कॉलेजचा ढालीसारखा बिल्ला. सगळं झाल्यावर त्यांनी माझी कॉलर उलटवली आणि तिच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, निळ्या दोऱ्यानं बारीक अक्षरांत 'बबडी' असं भरलं. ते करताना ते गालातल्या गालात हसत होते. माझ्या आयुष्यातला तो पहिला आनंद, आणि मी तो अजून जपून ठेवलाय.

पहिली यादी लागली. बबडीचं नाव नव्हतं. त्या वर्षी सगळ्यांचेच टक्के फुगले होते. दुसरी यादी लागली, तिसरी लागली. तिसरीत तर ती अवघ्या चार नावांनी राहिली. आईनं फॉर्म भरून ठेवलाच होता, बबडी डेपोमागच्या कॉलेजात गेली.

मास्तर रागावले नाहीत, ओरडले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बबडी आईला म्हणाली होती. त्यांनी फक्त विचारणं बंद केलं. आज काय शिकवलं, कोण मैत्रीण झाली, पेपर कसा गेला, काही नाही. मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं. बाकावरचं कुणी "तुमच्या मुलीनं कुठे घेतलं हो?" असं सहज विचारलं, की मास्तर ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवून मान हलवत. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. त्या दिवसांत कोट बसवून झाला तरी टाचण्या ओठांतच असत. टेबलाच्या टोकाला बबडी काजं करत असायची, आणि प्रत्येक वेळी तिची सुई थांबायची. मी दारामागून ते पाहत होतो. माझ्यामुळे हे झालं, असं वाटून मला खिळ्यावर लटकणं जड जाई.

पंधरा दिवसांनी टेकडीवरच्या कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर आपल्या लेकीला घेऊन आले. तिला फीमाफीवर प्रवेश मिळाला होता. फीमाफीच्या मुलांना कॉलेजच्या भांडारातून कोट मिळतात, तेही मास्तरांनीच शिवलेले, पण उंच अंगलटीचा एकही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास, आणि कोटाशिवाय आत घेत नाहीत. मास्तर म्हणाले, चार दिवस तरी लागतील. ड्रायव्हरकाकांचा चेहरा उतरला. लेक खाली बघत राहिली.

बबडी उठली. मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि त्या मुलीपुढे धरलं.

"हा घाल. माझ्याच मापाचा आहे, तुला होईल."

मी तिच्या अंगावर असा बसलो की मास्तरसुद्धा बघत राहिले. मग त्यांनी घाईनं ब्लेड उचललं. कॉलरखालचं नाव उसवायचं होतं. बबडी म्हणाली, "राहू दे बाबा. कॉलर उलटवून कोण बघतंय?" मास्तरांनी ब्लेड खाली ठेवलं. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

त्या मुलीला घरात ठमी म्हणतात. अशा रीतीनं ठमी बबडीचं नाव मानेवर घेऊन टेकडी चढली.

आता माझ्या आतल्या गोष्टीकडे येतो. टेकडीवरचे सगळे कोट बाहेरून सारखे. आत फरक. पैसे भरून शिवून घेणाऱ्यांना वाइन रंगाचं साटीन, भांडारातल्या कोटांना राखाडी सुती अस्तर. मास्तर अठरा वर्षं तसंच शिवत आले, कारण मागणी तशीच यायची. कँटीनमध्ये उकडतं, म्हणून मुलं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावतात, आणि अस्तर उघडं पडतं. खिडकीकडची टेबलं साटीनची, हात धुवायच्या बेसिनकडची राखाडी. कुणी नियम केला नव्हता. तरी पहिल्या आठवड्यातच नव्या मुलांना आपली जागा कळायची.

पहिल्या दिवशी ठमीनं मला खुर्चीला लावलं, माझं साटीन पाहून खिडकीकडच्या मुलींनी तिला प्रेमानं सरकून जागा दिली. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा चढलंच. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी एकीनं विचारलं, बाबा काय करतात. ठमी म्हणाली, "गाडी चालवतात. तुम्ही रोज येता तीच." कुणी काही वावगं बोललं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची भरलेली होती. ती बेसिनकडे गेली, तर तिथल्या मुलांनी माझ्या अस्तराकडे पाहून गप्पाच थांबवल्या. मग ठमीनं मला अंगावरून काढणंच सोडलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामानं भिजायची, पण बटणं लावलेलीच. तिचा घाम मी शोषून घेतला, याहून जास्त मला काय करता येणार होतं?

त्या घामानंच मी परत दुकानात आलो. काखेतली शिवण उसवली होती. मास्तरांनी विचारलं, साटीनचा कोट इतक्यात असा कसा झाला? ठमीनं सगळं सांगून टाकलं, तक्रार म्हणून नव्हे, हसत हसतच. मास्तरांनी माझं अस्तर दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. कुणीतरी अठरा वर्षांचा जमाखर्च समोर मांडावा तसा चेहरा झाला होता त्यांचा.

बबडीनं ठमीला चहा दिला. बोलता बोलता ठमी म्हणाली, संख्याशास्त्रात गाडी अडलीय, नेमलेलं पुस्तक कॉलेजात कपाटबंद असतं. बबडी म्हणाली, आईकडे आहे, रांगेत तुझा नंबर लावते. तेव्हापासून ठमी आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानात येऊ लागली. मी खुर्चीच्या पाठीला, अस्तर उघडं टाकून, अगदी निर्धास्त. आणि टेबलाच्या टोकाला खडूनं गणितं मांडून बबडी शिकवायची. हो, बबडी शिकवायची. वरच्या कॉलेजची मुलगी मान डोलवत लिहून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "आमच्याकडे हे असं सांगतच नाहीत गं." मास्तर पलीकडे कापड कापत असायचे. दोनदा त्यांची कात्री खडूच्या रेघेबाहेर गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे बटणांनी, पाहिलं. तरी त्यांच्या हट्टाला विरायला वेळ लागतो.

पुढच्या प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी बाकावर जाहीर केलं की अस्तर सगळ्यांना एकच, निळं, सुती. भांडारालाही तेच. आईबाप कुरकुरले, दोघं-तिघं दुसऱ्या टेलरकडे गेले. मास्तरांनी कुणाला अडवलं नाही.

त्याच गर्दीत एका गृहस्थांनी, मुलीच्या बाहीची ट्रायल चालू असताना, नेहमीचा प्रश्न टाकला, "मास्तर, तुमच्या मुलीनं कुठे घेतलं?"

बबडीची सुई थांबली. मी त्या दिवशी बटण लावायला आलो होतो, तिच्याच मांडीवर होतो. मास्तरांनी ओठांतली एक टाचणी काढली, उशीत खोचली. मग दुसरी. तिसरी. सगळ्या संपेपर्यंत गृहस्थ वाट बघत राहिले.

"डेपोमागच्या कॉलेजात," मास्तर म्हणाले. "तिथे शिकते, आणि टेकडीवरच्यांना इथे शिकवते."

गृहस्थ "वा वा" म्हणाले आणि पुन्हा टक्क्यांवर गेले. त्यांना काय कळणार होतं! बबडीनं मान वर केली नाही. माझ्यावर दोन थेंब पडले, ते मी लोकरीत मुरवून टाकले. त्या रात्रीच्या जेवणात मास्तरांनी विचारलं म्हणे, "आज काय शिकवलं गं?" आईनं ही गोष्ट पुढे ठमीला सांगितली, म्हणून मला कळली. बबडी दीड तास सांगत होती.

तीन वर्षं झाली. ठमी पास झाली, टेकडीवरून उतरली आणि मला घडी घालून दुकानात घेऊन आली. बबडीला डेपोमागच्याच कॉलेजात संख्याशास्त्राचे जादा तास घेण्याची पहिली नोकरी लागली होती, आणि ठमीचं म्हणणं, पहिल्या दिवशी हाच कोट घालायचा. बबडीनं कॉलर उलटवली. 'बबडी'च्या शेजारी वेड्यावाकड्या टाक्यांत 'ठमी' असं भरलेलं होतं. मास्तरांनी ते टाके पाहिले, शिवणकामाच्या दृष्टीनं अगदी पहिलीतल्या पोराच्या वहीसारखे, आणि इतकंच म्हणाले, "हे उसवायचं नाही."

मग त्यांनी ब्लेड घेतलं आणि खिशावरचा टेकडीचा बिल्ला एकेक दोरा करत स्वतःच्या हातांनी काढला. घाई केली नाही. बिल्ला त्यांनी फेकला नाही, टेबलाच्या खणात ठेवला, कारण माणूस इतका काही बदलत नाही.

आता माझ्या खिशावर ढालीच्या आकाराची एक जागा आहे. बाकीचं कापड उन्हानं जरा विटलं, ती जागा मात्र नव्यासारखी गडद निळी. वर्गातली मुलं विचारतात, मॅडम, इथे काय होतं? मॅडम हसतात आणि फळ्याकडे वळतात.

माझं काही मागणं नाही. एका बापानं मला चुकून लवकर शिवलं, त्या चुकीमुळे मला दोन मुलींचे खांदे मिळाले. एवढं नशीब किती कोटांना लाभतं? मास्तर, आई आणि दोघी मुली, त्या चौघांचाही मी ऋणी आहे, आणि ड्रायव्हरकाकांचाही, कारण मला चढावरची वळणं त्यांच्या बसमध्ये कधी लागली नाहीत. फक्त तुम्हीही कुणाचे आईबाप असाल म्हणून एक विनंती. तुमचं लेकरू उद्या कुठलाही कोट घालून आरशासमोर उभं राहील, तेव्हा खिसा नंतर बघा. आधी तोंडातल्या टाचण्या काढा आणि त्याला विचारा, आज काय शिकलास.

चला, फिरवा आता इस्त्री. कॉलर जपून, तिच्याखाली दोघी आहेत.